रुपया : त्याचें नाणें आणि त्याचें मोल

आपल्या नित्याच्या व्यवहारांत रुपया या शब्दाइतका परिचित शब्द क्वचितच सांपडेल. बाजारांत, शेतांत, कचेरींत आणि देवळाच्या दानपेटींतहि त्याचा संचार आहे. परंतु परिचय निराळा आणि ओळख निराळी. ज्युबिलीच्या प्रसंगीं जुन्या वर्गण्यांच्या याद्या बाहेर काढण्याचा प्रघात सर्वत्र आहे. त्यांत कोणाच्या नांवासमोर एक रुपया, कोणाच्या नांवासमोर चार आणे, तर कोणा विधवेच्या नांवासमोर दोन पैसे असे आंकडे दिसतात. आजचा तरुण ते वाचून हंसतो. वृद्ध मनुष्य मात्र उसासा टाकून 'काय ती स्वस्ताई!' असें म्हणतो. आमच्या मतें दोघांचाहि हिशेब चुकतो. पहिला पूर्वजांच्या दानास कमी लेखतो, आणि दुसरा त्यांचे हाल विसरतो. असा अन्याय आपल्या हातून घडूं नये, म्हणून रुपयाच्या नाण्याचा व त्याच्या मोलाचा इतिहास वाचकांपुढें थोडक्यांत मांडण्याचें आम्हीं योजिलें आहे.

रुपया हा शब्द संस्कृत 'रूप्य' या शब्दापासून आला, आणि त्याचा संबंध रुप्याशीं म्हणजे चांदीशीं आहे. रौप्यमहोत्सव या शब्दांतील रौप्यहि तेंच. चांदीचीं नाणीं आपल्या देशांत फार प्राचीन काळापासून पाडलीं जात. पण ज्याला आपण रुपया म्हणतों त्याच्या वजनाची घडी शेरशहा सूर यानें बसविली. १५४० ते १५४५ या अवघ्या पांच वर्षांच्या कारकीर्दींत त्यानें सुमारें १७८ ग्रेन वजनाचा चांदीचा रुपया पाडला, आणि पुढें अकबर बादशहानें तोच प्रघात चालूं ठेविला. अकबराच्या दरबारांतील अबुल फजल यानें 'आईन-इ-अकबरी' या ग्रंथांत त्या काळचे भाव व मजुरीचे दर नोंदवून ठेविले आहेत. रुपयाचे चाळीस दाम होत. एक मण गहूं बारा दामांस मिळे, आणि तो मण आजच्या मापानें सुमारें २५ किलोंचा होता. म्हणजे एका रुपयांत तीन मणांहून अधिक गहूं घरांत येत असे. हें ऐकून कोणाच्याहि तोंडास पाणी सुटेल. परंतु त्याच ग्रंथांत साध्या मजुराची रोजची मजुरी दोन दाम लिहिली आहे. त्या मजुरास एक रुपया हातीं येण्यास वीस दिवस राबावें लागे. हे दोन आंकडे वाचकांनीं ध्यानांत ठेवावे. पुढें त्यांचें आपणांस काम पडेल.

मोगल सत्ता खिळखिळी झाल्यावर टांकसाळीहि अनेक झाल्या. मराठ्यांच्या मुलखांत छत्रपति शिवाजी महाराजांनीं राज्याभिषेकाच्या वेळीं, म्हणजे १६७४ सालीं, सोन्याचा होन व तांब्याची शिवराई हीं नाणीं पाडलीं. त्यांपैकीं शिवराई तर पेशवाई बुडाल्यावरहि दीर्घकाळ लोकांच्या हातांत खेळत राहिली. पेशव्यांच्या अमदानींत सनदा घेऊन खासगी लोकहि टांकसाळी चालवीत. अंकुशी रुपया, चांदवडी रुपया, सुरती रुपया अशीं नांवें त्या काळच्या कागदोपत्रीं वारंवार आढळतात. नांव रुपयाच, परंतु वजन निराळें आणि चांदीचा कसहि निराळा. त्यामुळें एका गांवचा रुपया दुसऱ्या गांवीं चालवावयाचा झाला कीं सराफापुढें बसावें लागे, आणि सराफ त्यावर बट्टा कापून घेई. शेतकऱ्यानें ज्या रुपयांत धान्य विकलें, त्याच रुपयांत सारा घेतला जाईल याची शाश्वति नसे. हा घोटाळा कांहीं संस्थानांत फार दिवस टिकला. निजामाच्या राज्यांत, म्हणून आपल्या मराठवाड्यांतहि, हाली सिक्का चाले. सात हाली रुपये मोजावे तेव्हां इंग्रजी सहा मिळत.

हा गोंधळ मोडण्यासाठीं कंपनी सरकारनें १८३५ सालीं सर्व मुलखाकरितां एकच रुपया ठरविला. त्याचें वजन १८० ग्रेन, म्हणजे बरोबर एक तोळा. आजच्या मापानें ११.६६ ग्रॅम. त्यांत बारा भागांपैकीं अकरा भाग शुद्ध चांदी. यंत्रावर पाडलेला म्हणून लोकांनीं त्यास 'कलदार' हें नांव दिलें. हा रुपया इतका भरंवशाचा होता कीं वाणी व सोनार वजनाच्या जागीं तोच तागडींत टाकीत, आणि ऐंशी रुपयेभार म्हणजे एक शेर असा हिशेब घरोघरीं पाठ असे. रुपयाचे सोळा आणे, आण्याचे चार पैसे, आणि पैशाच्या तीन पै. अर्ध्या रुपयास अधेली, चार आण्यांस पावली आणि दोन आण्यांस चवली म्हणत. सोळा आणे खरें, पै न् पै चुकती केली, एका दमडीचाहि नफा नाहीं, असे आपल्या भाषेंतील किती तरी प्रयोग या नाण्यांनीं आपणांस दिले. नाणीं गेलीं, पण भाषेंत तीं अद्याप चालतात.

त्या काळीं रुपयाचें मोल त्याच्या पोटांतील चांदीवर अवलंबून होतें. कोणीहि मनुष्य चांदी घेऊन सरकारी टांकसाळींत जावा आणि तिचे रुपये पाडून घ्यावे, अशी मोकळीक असे. त्यामुळें रुपया वितळविला काय किंवा तसाच ठेविला काय, फारसा फरक पडत नसे. पण १८७० नंतर जर्मनीनें चांदी सोडून सोन्याचें चलन स्वीकारलें, इतर राष्ट्रांनींहि तीच वाट धरली, आणि अमेरिकेंतील खाणींतून चांदीचा पूर आला. चांदी उतरली आणि तिच्याबरोबर रुपयाहि उतरला. पूर्वीं जो सुमारें दोन शिलिंगांस जात असे, तो १८९३ च्या सुमारास सव्वा शिलिंगाच्या आसपास आला. हिंदुस्थान सरकारला विलायतेंतील खर्च सोन्यांत भागवावा लागे, म्हणून तें घाबरून गेलें, आणि २६ जून १८९३ रोजीं त्यानें लोकांसाठीं टांकसाळीचे दरवाजे बंद केले. पुढें १८९९ सालीं पंधरा रुपयांस एक गिन्नी हा दर कायद्यानें कायम झाला.

हा निर्णय सरकारच्या सोयीचा होता. गरिबास मात्र तो महाग पडला. आपल्या खेड्यांतील कुटुंबाची बचत पेढींत नसे. ती बायकांच्या हातापायांत असे. वाळे, गोठ, तोडे, पैंजण हीच त्यांची ठेव. टांकसाळ बंद झाल्यावर रुपयाचें मोल सरकारनें वर धरून ठेविलें, पण नुसती चांदी खालींच राहिली. पूर्वीं तोळाभर चांदीचा जवळजवळ एक रुपया होत असे, तो आतां होईना. लौकरच १८९६-९७ चा आणि १८९९-१९०० चा असे दोन भयंकर दुष्काळ पडले, आणि हे दागिने विकावयास निघाले तेव्हां त्यांचे रुपये पूर्वींच्या मानानें पुष्कळ कमी आले. ज्या माउलीनें पै पै सांठवून तोडे केले होते, तिनें कोणताहि अपराध केला नव्हता. तरी तिच्या ठेवीचा एक भाग एका हुकुमानें नाहींसा झाला. चलनाचा प्रश्न केवळ शास्त्र्यापंडितांचा नाहीं, हें यावरून दिसून येईल.

तेव्हांपासून रुपया हा जणुं चांदीवर छापलेली नोटच बनला. खरी कागदी नोट १८६१ च्या कायद्यानें सरकारच्या हातीं आलेली होती, पण ती मोठ्या रकमेची असल्यामुळें सामान्य मनुष्यास तिचें दर्शन दुर्लभ असे. पहिल्या महायुद्धानें ती त्याच्या दारीं आणिली. युद्धांत चांदी इतकी महागली कीं रुपयांतील चांदीच रुपयाहून अधिक किंमतीची झाली, आणि लोक रुपये वितळवूं किंवा पुरून ठेवूं लागले. सरकारनें १९१७ सालीं एक रुपयाची नोट काढली, १९१८ सालीं अमेरिकेकडून तिच्या डॉलरांतली चांदी विकत घेतली, आणि दोन, चार व आठ आण्यांचीं नाणीं निकेलमिश्रित धातूचीं केलीं. मुंबई सरकारच्या कामगार कचेरीनें त्या सुमारास निर्वाहखर्चाचा निर्देशांक काढण्यास आरंभ केला. त्यांत जुलै १९१४ मध्यें शंभर धरलेला खर्च १९२० सालीं दुपटीच्या जवळ गेलेला दिसतो.

याच विषयावर डॉ. भीमराव आंबेडकर यांनीं 'रुपयाचा प्रश्न' हा इंग्रजी ग्रंथ लिहिला. तो लंडन येथें १९२३ सालीं प्रसिद्ध झाला. त्यावेळीं रुपयाचा विलायती दर सोळा पेन्स असावा कीं अठरा पेन्स असावा, यावर व्यापारी व सरकार यांचें मोठें रण माजलें होतें, आणि १९२७ सालीं अठरा पेन्स हा दर कायद्यानें ठरला. डॉ. आंबेडकरांचें म्हणणें असें कीं, रुपयाचा सोन्याशीं असलेला दर स्थिर झाला म्हणजे सर्व कांहीं साधलें असें नाहीं. रुपयास बाजारांत वस्तु किती मिळतात, तें मान स्थिर राहिलें पाहिजे. भाव वाढतात तेव्हां मजुरी त्यांच्यामागून रखडत येते, आणि मधल्या काळांतला तोटा मजुराच्या पदरीं पडतो, हेंहि त्यांनीं दाखवून दिलें. पुढील घटनांनीं त्यांच्या या म्हणण्यास पुरावा दिला.

दुसऱ्या महायुद्धांत चांदीच्या रुपयाचा शेवट झाला. १९४० सालीं त्यांतील चांदी निम्म्यावर आणिली गेली. १९४१ सालीं राणीछाप रुपये, आणि पुढील दोन वर्षांत इतर राजांच्या छापाचे जुने चांदीचे रुपयेहि चलनांतून रद्द झाले. तांबें वांचविण्यासाठीं १९४३ सालीं भोकाचा पैसा निघाला. १९४७ सालीं, स्वातंत्र्याच्या वर्षींच, रुपया निव्वळ निकेलचा झाला. त्याच्या एका बाजूस वाघ होता. धातूपेक्षांहि मोठा बदल नोटांत झाला. इंग्रज सरकार युद्धाकरितां येथील माल घेई, त्याची रक्कम लंडनमध्यें आपल्या नांवें जमा करी, आणि तिच्या आधारावर येथें नोटा छापल्या जात. युद्धाच्या सहा वर्षांत नोटांचा पसारा पांच पटींहून अधिक वाढला, आणि माल मात्र त्या मानानें वाढला नाहीं. भाव दुपटीच्या पलीकडे गेले. १९४३ च्या बंगालच्या दुष्काळांत लाखों माणसें अन्नावांचून मेलीं. त्या अनर्थास अनेक कारणें होतीं; परंतु तांदूळ बाजारांत असूनहि मजुराच्या हातांतील रुपया त्यास पोंचूं शकत नव्हता, हें त्यांतील एक ठळक कारण होय.

स्वतंत्र भारताचीं, अशोकाच्या सिंहांचीं नाणीं १५ ऑगस्ट १९५० रोजीं निघालीं. पण आणे-पै तेच राहिले. १ एप्रिल १९५७ रोजीं दशमान पद्धति आली व रुपयाचे शंभर 'नवे पैसे' झाले. एका आण्याचे सव्वासहा नवे पैसे. परंतु सव्वा पैसा द्यावयाचा कसा? म्हणून एका आण्यास सहा, दोन आण्यांस बारा, तीन आण्यांस एकोणीस आणि चार आण्यांस पंचवीस असें कोष्टक ठरलें. बाजारांत कित्येक महिने त्या पाव पैशावरून वाद झाले. १९६४ सालीं 'नवा' हा शब्द गळाला. त्यानंतर लहान नाणीं ॲल्युमिनियमचीं झालीं, आणि हळूहळू दुकानदार त्यांच्याऐवजीं गोळी हातावर ठेवूं लागला. ३० जून २०११ नंतर पंचवीस पैसे व त्याखालील सर्व नाणीं कायद्यानें बंद झालीं. ज्या पावलीवर एके काळीं आठवड्याचा बाजार होत असे, तिचा असा अंत झाला. त्याच २०११ सालीं निघालेला पोलादी रुपया ३.७९ ग्रॅम वजनाचा आहे, म्हणजे जुन्या कलदार रुपयाच्या सुमारें एक-तृतीयांश. आणि त्या कलदार रुपयांत जेवढी चांदी होती, तेवढी घेण्यास आज एका रुपयाच्या कित्येक पट रुपये मोजावे लागतात.

आतां मोलाचा हिशेब पाहूं. सिमला येथील श्रमविभागाची कचेरी औद्योगिक कामगारांसाठीं जो किंमतींचा निर्देशांक काढते, त्याचें मूळ वर्ष १९६०, १९८२, २००१ आणि २०१६ असें बदलत आलें आहे. एका मालिकेचा आंकडा मागील मालिकेशीं जुळविण्यासाठीं अनुक्रमें ४.९३, ४.६३ आणि २.८८ हे गुणक ठरले आहेत. या तिन्हींचा गुणाकार केला तर सुमारें ६५ येतो. याचा अर्थ असा कीं, जी गरज १९६० सालीं एका रुपयांत भागे, तिला २०१६ सालीं सुमारें ६५ रुपये लागले. छपन्न वर्षांत भाव जवळजवळ सहा वेळां दुप्पट झाले. एकाचे दोन, दोनाचे चार, चाराचे आठ, असे करीत चौसष्टापर्यंत. म्हणजे साधारणतः दर नऊ-दहा वर्षांनीं रुपयाचें मोल निम्मे होत गेलें.

येथें 'काय ती स्वस्ताई' म्हणणाऱ्या वृद्धास उत्तर दिलें पाहिजे. अकबराच्या काळच्या मजुरास २५ किलो गव्हासाठीं सहा दिवस राबावें लागे. २०२४-२५ सालीं महाराष्ट्रांत रोजगार हमीची मजुरी दिवसास २९७ रुपये होती, आणि गव्हाचा सरकारी हमीभाव क्विंटलास २२७५ रुपये होता. या भावानें २५ किलो गहूं सुमारें ५७० रुपयांचा, म्हणजे दोन दिवसांच्या मजुरीचा होतो. दुकानांतील भाव अधिक असतो म्हणून तीन दिवस धरले, तरी सहापेक्षां ते निम्मेच. रुपया अगदीं क्षीण झाला, तरी भाकरी मजुरास अधिक जवळ आली. तेव्हां आंकडा लहान होता म्हणून जीवन सुखाचें होतें असें समजणें ही भूल आहे. मोल मोजावयाचें तर तें श्रमाच्या मापानें मोजावें. शुभवर्तमानांतील द्राक्षमळ्याच्या दाखल्यांत मजुराचा रोज एक दिनार ठरतो, आणि त्यावरूनच आपणांस दिनाराचें मोल आजहि कळतें.

याच मापानें जुन्या यादींतील आंकडे वाचावे. ज्या मजुराचा रोज चार आणे होता, त्यानें देवळाच्या बांधकामास एक रुपया दिला, तर त्यानें चार दिवसांचा घाम दिला. आज शंभर रुपयांची नोट देणाऱ्यानें स्वतःचा रोज मनांत आणून या देणगीशीं आपली देणगी ताडून पाहावी.

रुपयाच्या या घसरणीचा भार सर्वांवर सारखा पडत नाहीं. ज्याच्यापाशीं जमीन, घर किंवा सोनें आहे, त्याच्या वस्तूचे भाव रुपयाबरोबर वर चढतात. संघटित नोकरास निर्देशांकाप्रमाणें महागाई भत्ता मिळतो. परंतु ज्याचें उत्पन्न ठराविक रुपयांत बांधलेलें आहे, तो दर वर्षीं गुपचूप लुटला जातो. घरकाम करणारी बाई, खासगी शाळेंतील शिपाई, मुदतीच्या ठेवीच्या व्याजावर जगणारा वृद्ध, आणि पुष्कळ ठिकाणीं देवळाचा सेवेकरीहि, हे सर्व या वर्गांतले. मालक म्हणतो, 'ठरल्याप्रमाणें देतों.' आंकडा ठरल्याप्रमाणें आहे हें खरें. पण ठरलें होतें तें मोल आतां त्यांत उरलेलें नसतें.

देवळाच्या ठेवींचीहि हीच गति झाली आहे. समजा, कोणा भाविकानें १९६० सालीं आपल्या मातापित्यांच्या आत्म्यांसाठीं दर वर्षीं मिस्सा व्हावी म्हणून शंभर रुपये ठेविले, आणि त्यांवर शेंकडा पांच व्याज येत राहिलें. २०१६ सालींहि पांच रुपयेच आले. परंतु त्यांचें मोल १९६० च्या साडेसात पैशांइतकेंच राहिलें होतें. ख्रिस्तसभेच्या कायद्यानेंहि ही गोष्ट ओळखली आहे. १९१७ च्या धर्मसंहितेंत अशी ठेव सदासर्वकाळासाठीं ठेवण्यास वाव होता. १९८३ च्या संहितेच्या कलम १३०३ प्रमाणें धर्मग्रामासारख्या संस्थेकडे सोंपविलेल्या अशा ठेवीचा भार स्थानिक नियमानें ठरविलेल्या दीर्घ मुदतीपुरता असतो, आणि उत्पन्न घटल्यास मिस्सांची संख्या कमी करण्याचा अधिकार कलम १३०८ नें बिशपांस दिला आहे. तेव्हां दात्याच्या वारसांनीं, ठेव संपली म्हणून धर्मगुरूंवर रुष्ट होऊं नये; आणि धर्मगुरूंनींहि, पूर्वजांनीं फार थोडें ठेविलें असें म्हणूं नये.

पुढें काय होईल? २०१६ सालीं कायद्यांत बदल करून भाववाढ वर्षास चार टक्क्यांच्या आसपास राखावी असें ध्येय ठरविण्यांत आलें, आणि तें गांठण्याचें काम रिझर्व्ह बँकेवर सोंपविलें गेलें. पूर्वींच्या मानानें हें पुष्कळ बरें. तथापि हें ध्येय पूर्णपणें साधलें तरी पंचवीस वर्षांत भाव पावणेतीन पटींच्या जवळ जातात, पन्नास वर्षांत सात पट, आणि शंभर वर्षांत पन्नास पट. एका रौप्यमहोत्सवापासून पुढच्या महोत्सवापर्यंत रुपया किती झिजेल हें आजच सांगतां येतें. मग त्याकडे दुर्लक्ष करण्यास कोणतीच सबब उरत नाहीं.

म्हणून वाचकांस आमच्या तीन विनंत्या आहेत. ज्यांच्या घरीं किंवा दुकानांत कोणी मोलानें काम करतें, त्यांनीं वर्षांतून एकदां तरी त्याच्या पगाराचा आंकडा बाजारभावाशीं ताडून पाहावा, आणि मागण्याची वाट न पाहतां तो वाढवावा. जे कोणी पुढील पिढ्यांसाठीं कांहीं ठेवूं इच्छितात, त्यांनीं नुसती रक्कम ठेवून स्वस्थ न राहतां, व्याजाचा कांहीं भाग मुळांत मिळविण्याची व्यवस्था लिहून ठेवावी. आणि या ज्युबिलीचा जमाखर्च जे लिहितील, त्यांनीं वहीच्या पहिल्या पानावर आजचा तांदळाचा भाव व आजच्या मजुराचा एक दिवसाचा रोज हीं दोन नोंदवून ठेवावीं. पन्नास वर्षांनीं जे ती वही उघडतील, त्यांस आपले आंकडे पाहून हंसूं येणारच. परंतु त्या दोन ओळी वाचल्यावर आपण कोणत्या परिस्थितींत काय दिलें, याचा त्यांस खरा हिशेब लागेल.